कपडा उलटा करून बघा: नीट शिवलेले आणि हाताने घडवलेले कपडे घ्यायला शिकताना

मला हे सगळं कळायला सहा-सात वर्षं लागली, आणि त्यातली पहिली तीन तर नुसती चुकीचे कपडे घेण्यात गेली. दुकानातल्या आरशात झकास दिसायचं आणि तीन धुण्यांत मुंढ्यात (बाही जोडतात तिथे) उसवायचं, नाहीतर शिवण फिरून पोटावर यायची. तेव्हा वाटायचं की कपड्यातलं कळायला उपजत नजर लागते आणि ती आपल्याकडे नाही. पण तसं नसतं, ही नजर हाताने शिकता येते, फक्त कुठे बघायचं ते कुणीतरी सांगावं लागतं. मला ते एका म्हाताऱ्या शिंप्याने सांगितलं. मी त्यांच्याकडे एक महागातला शर्ट दुरुस्तीला घेऊन गेले होते, त्यांनी तो हातात घेतला आणि पुढची बाजू बघितलीसुद्धा नाही, सरळ उलटा केला आणि आतली शिवण बोटांनी चाचपायला लागले. त्या दिवसापासून मीही तेच करते.

जे नुकतेच या वाटेला लागलेत, म्हणजे ज्यांना कपडे कमी पण चांगले घ्यायचेत, हाताने बनवलेलं काही करून घ्यायचंय पण नेमकं काय विचारायचं ते सुचत नाही, त्यांच्यासाठी हे क्रमाने लिहितेय. पायऱ्या शक्यतो गाळू नका, विशेषतः दुसरी.

काय काय लागेल

शिंप्याची मऊ टेप, एक छोटी वही, फोन (टॉर्च आणि कॅमेरा दोन्हीसाठी), कपाटातला तुम्हाला सगळ्यात छान बसणारा एक शर्ट आणि एक पॅन्ट. जमलं तर एक साधं भिंग, टाके मोजायला बरं पडतं. कागदपत्रं म्हणाल तर तीनच: तुमच्या मापांचा कागद, प्रत्येक खरेदीचं बिल, आणि कपडा करून घेत असाल तर कारागिराशी जे काही ठरलं त्याचा लेखी मजकूर, मेसेजमध्ये असला तरी चालेल. हा तिसरा कागद सगळे विसरतात.

१. आधी स्वतःचं कपाट वाचा

सगळे कपडे बाहेर काढून ढीग घालायची गरज नाही. हँगर उलटे टांगा, म्हणजे हूकचं तोंड तुमच्याकडे येईल असे, आणि जो कपडा घालाल तो परत ठेवताना हँगर सरळ करा आणि वहीत त्याच्या नावापुढे एक रेघ ओढा. दोन महिन्यांनी बघा किती हँगर अजून उलटेच आहेत ते. घडी घालून ठेवत असाल तर घातलेल्या कपड्यांचा वेगळा गठ्ठा करा, तोच हिशोब.

आता जे कपडे पुन्हा पुन्हा घातले गेले त्यांच्याबद्दल वहीत लिहा. आवडतो एवढं लिहून भागत नाही, का आवडतो ते लिहा. गळा कसा आहे, बाही कुठवर येते, कापड कडक आहे का अंगावर पडणारं, रंग फिका की गडद. मी लिहिलं तेव्हा लक्षात आलं की मी घेत होते फुलाफुलांचे ढगळ ड्रेस आणि घालत होते मात्र सारखे दोन जुने शर्ट, दोन्ही कॉलरवाले, दोन्ही जाडसर सुती, दोन्ही निळ्या छटेचे. माझी स्टाइल काय हे मी बाहेर शोधत बसले होते आणि ती माझ्याच कपाटात लटकत होती.

न घातलेल्या कपड्यांबद्दल पण लिहा. टोचतो, बसलं की वर सरकतो, आतून काहीतरी घालावं लागतं, इस्त्रीशिवाय घालता येत नाही. ही यादी पुढच्या खरेदीला फोनमध्ये सोबत असू द्या.

२. मापं घ्या, पण अंगाची आणि कपड्याची वेगवेगळी

साइजच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. एका कंपनीचा एम दुसरीच्या एलएवढा निघतो, आणि एकाच कंपनीच्या दोन पॅन्टसुद्धा सारख्या निघतीलच असं नाही. त्यामुळे दोन प्रकारची मापं हाताशी पाहिजेत.

अंगाची मापं: छाती (सगळ्यात भरलेल्या भागावरून), कंबर (वाकल्यावर जिथे घडी पडते तिथे), नितंब, खांद्याच्या हाडापासून मनगटापर्यंत, आणि पायाची आतली लांबी. टेप जमिनीला समांतर ठेवा, श्वास रोखू नका, पोट आत घेऊ नका. पाठीमागची मापं एकट्याने घेतली तर हमखास चुकतात, दुसऱ्या कुणाला तरी घ्यायला सांगा.

कपड्याची मापं: तो सगळ्यात छान बसणारा शर्ट बटणं लावून टेबलावर सपाट पसरवा, सुरकुत्या हाताने सारख्या करा. एका काखेच्या शिवणीपासून दुसऱ्या काखेच्या शिवणीपर्यंत, खांद्याच्या एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत, बाहीची लांबी, आणि मागून कॉलरच्या खालून तळापर्यंतची उंची. पॅन्टला कंबर, नितंब, मांडी, मोहरी (पायाच्या तळाची रुंदी), आतली लांबी, आणि पुढचा उंचावा, म्हणजे पायांच्या जोडापासून कंबरपट्टीच्या वरच्या कडेपर्यंत. हा उंचावा बहुतेक जण मोजतच नाहीत आणि मग पॅन्ट कुठे अडते तेच त्यांना कळत नाही.

आता काखेतल्या मापाची दुप्पट करा आणि त्यातून अंगाची छाती वजा करा. जे उरेल ती तुमची मोकळीक. न ताणणाऱ्या कापडाच्या साध्या शर्टाला ती साधारण ४ ते ६ इंच असते, पण तुमचा आकडा तुमच्याच शर्टावरून काढा, कारण तुम्हाला कपडा अंगाबरोबर आवडतो की सैल, ते या एका आकड्यात येतं. ऑनलाइन कपडा बघताना हीच मापं ताडून बघायची, मॉडेलच्या अंगावर कसा दिसतो ते नाही. मॉडेलचा कपडा मागून चिमटे लावून घट्ट केलेला असू शकतो.

३. लेबल वाचा, पण लेबल काय सांगत नाही तेही ओळखा

धाग्याचं प्रमाण लिहिलेलं लेबल बहुधा आत बाजूच्या शिवणीत असतं. हवेतली ओल धाग्यात किती मुरते यावर तो अंगाला कसा वाटेल हे बरंचसं ठरतं. साधारण हवेत कापूस आपल्या वजनाच्या ८ टक्क्यांच्या आसपास ओल धरून ठेवतो, लोकर १५-१६ टक्के, आणि पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. घाम आला की पॉलिएस्टर अंगाला का चिकटतं ते इथे कळतं. पण म्हणून पॉलिएस्टर सरसकट वाईट असं मी म्हणणार नाही, पावसाळी जॅकेटला किंवा शिवणीच्या दोऱ्याला ते उत्तमच आहे. मला राग येतो तो कोटाला छान लोकर वापरून आत शंभर टक्के पॉलिएस्टरचं अस्तर लावतात त्याचा, कारण अंगाजवळ तर अस्तरच असतं.

व्हिस्कोस किंवा रेयॉन सुळसुळीत आणि थंड लागतं, अंगावर पडतंही सुंदर, पण भिजलं की त्याची ताकद साधारण निम्म्यावर येते, म्हणून ते पिळू नका. सुती आणि लिनन याच्या उलट, भिजल्यावर अधिकच मजबूत होतात. इलॅस्टेन (ताणला जाणारा धागा) २-३ टक्के असेल तर जीन्सला आराम देतं, पण उष्णता आणि क्लोरीनच्या ब्लीचने त्याचा जीव जातो आणि मग गुडघे पुढे येऊन तसेच राहतात.

लेबलवर 'शंभर टक्के कॉटन' लिहिलं म्हणजे सगळं कळलं असं नाही. कापसाचा धागा आखूड तंतूंचा की लांब तंतूंचा हे त्यात येत नाही, आणि खरा फरक तिथेच असतो. आखूड तंतूंची टोकं बाहेर येतात, घासली जातात आणि त्यांचे गोळे बनतात. कापड हाताच्या तळव्याने पंधरा-वीस वेळा जोरात घासून बघा, लगेच लव उठली तर ते कापड ठेवून द्या. मिश्र कापडावरचे गोळे जास्त त्रास देतात कारण पॉलिएस्टरचा मजबूत तंतू तो गोळा धरून ठेवतो. लोकरीचे गोळे निदान काढता तरी येतात.

नावांचे सापळे पण लक्षात ठेवा. सॅटिन हा विणीचा प्रकार आहे, धाग्याचा नाही, सॅटिन म्हणजे रेशीम नव्हे. 'सिल्क फील', 'लिनन लुक' यांत सिल्क आणि लिनन दोन्ही नसतात. 'बांबू' म्हणून विकलं जाणारं मऊ कापड बहुतेक वेळा बांबूच्या लगद्यापासून केलेलं व्हिस्कोसच असतं, अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००९ मध्ये अशा नावाने माल विकणाऱ्या कंपन्यांवर कारवाईसुद्धा केली होती. 'व्हीगन लेदर' म्हणजे बऱ्याचदा पीयू किंवा पीव्हीसी या प्लास्टिकचा थर, तो काही वर्षांनी सोलला जातो. 'मर्सराइज्ड' लिहिलं असेल तर ती मात्र कामाची माहिती: जॉन मर्सर नावाच्या इंग्रज माणसाने एकोणिसाव्या शतकात शोधलेल्या या प्रक्रियेत सुती धाग्यावर कॉस्टिक सोड्याचा संस्कार करतात, त्याने धागा मजबूत होतो आणि रंग नीट धरतो, आणि ताणून धरून केली की चमकही येते. 'सॅनफोराइज्ड' म्हणजे कापड आधीच आटवलेलं.

शंका असेल आणि आतल्या मायेतून (शिवणीच्या आत सोडलेल्या जादा कापडातून) एखादा धागा मिळत असेल तर जाळून बघता येतो. चिमट्यात धरून, सिंकवर, मुलं जवळ नसताना. सुती कागदासारखं जळतं आणि मऊ राख उरते. लोकर आणि रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो आणि उरलेलं बोटांत चुरगळतं. पॉलिएस्टर वितळतं आणि कडक मणी बनतो. मिश्र धाग्यात दोन्ही खुणा एकत्र येतात, त्यामुळे टक्के काही कळत नाहीत. अर्थात हे घरी आणलेल्या कपड्यावरच करायचं, दुकानात नाही.

४. कपडा उलटा करा

आता सगळ्यात महत्त्वाचं. बाहेरची बाजू विकण्यासाठी असते, आतली बाजू शिवणाऱ्याला किती वेळ मिळाला ते सांगते. इथे घाई करू नका, दहा मिनिटं द्या.

टाके: शिवणीवर एक इंच टेप धरून टाके मोजा. शर्टाला इंचात १० ते १२ असतील तर ठीक, त्याहून बारीक असतील तर छान, ७-८ वर आले तर तिथे वेळ वाचवलाय. (जाड जीन्सला किंवा कोटाला मोठा टाका चालतो, हा नियम शर्टासारख्या कापडाला.) मग शिवणीच्या दोन्ही बाजूंनी कापड धरून हलकेच ओढा. फट पडून टाके दात दाखवल्यासारखे दिसले तर ती शिवण टिकणार नाही. शिवण सुरकुतलेली असेल तर दोऱ्याचा ताण चुकलाय, इस्त्रीने ते जाईल असं विकणारा म्हणेल, पण जात नाही.

कडा: आत कापडाच्या कापलेल्या कडा कशा बंद केल्यात बघा. नुसतं इंटरलॉक (कडेवरून दोरा गुंडाळणारी मशीनची टीप) असेल तर साधं काम, वाईट नाही, टी-शर्टला तर तेच योग्य. कडा दुमडून आत लपवलेली फ्रेंच शिलाई असेल, म्हणजे आतून बघितलं तरी एकही कापलेली कड दिसत नाही अशी, तर पातळ कापडात ती शिवणाऱ्याने मन लावल्याची खूण. जीन्सच्या पायाला आणि चांगल्या शर्टाच्या बाजूला दोन समांतर टिपा दिसतात, आत दोन्ही कडा एकमेकींत अडकवलेल्या असतात, ही सगळ्यात दणकट. उरेब पट्टी (तिरक्या कापलेल्या कापडाची पट्टी) लावून कडा मढवल्या असतील तर मी बाकी तपासणी थोडी सैल करते, कारण इतका त्रास घेणारा माणूस बाकी ठिकाणी कसर करत नाही.

माया: शिवणीच्या आत किती कापड सोडलंय? पॅन्टच्या मागच्या मधल्या शिवणीत आणि ड्रेसच्या बाजूला इंचभर माया असेल तर वजन वाढलं तरी कपडा सैल करता येतो. मायाच नसेल तर तो कपडा तुमच्या आजच्या मापाचाच, पुढे काही करता यायचं नाही. तळाच्या दुमडीतही तेच बघा.

ताणाच्या जागा: खिशाची टोकं, चेनच्या खालचा भाग, बाजूच्या चिरेचं वरचं टोक, काख. इथे आडवे दाट टाके किंवा मागून कापडाचा तुकडा लावलेला हवा. जीन्सवर तांब्याचे रिव्हेट (ठोकून बसवलेल्या छोट्या टिकल्या) आले तेही याच कारणाने, जेकब डेव्हिस नावाच्या शिंप्याने कामगारांच्या पॅन्टचे खिसे फाटू नयेत म्हणून ते ठोकले आणि लिवाय स्ट्रॉससोबत १८७३ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. नुसत्या शोभेचे रिव्हेट आणि ताणाच्या जागचे रिव्हेट यांतला फरक आता तुम्हाला दिसेल.

चौकडा, पट्टे: खिसा शर्टावर बसवताना चौकड्याच्या रेषा जुळतात का, पुढच्या दोन्ही भागांत आडव्या रेषा बटणपट्टीवर सरळ पुढे जातात का. जुळवायला कापड जास्त लागतं आणि कापताना डोकं लागतं, म्हणून जिथे कसर करायची असते तिथे आधी हेच सुटतं.

उभा धागा: टी-शर्ट खांद्यांना धरून टांगा. बाजूच्या शिवणी सरळ खाली येतात का, की फिरून पुढे येतात? नवीन असतानाच फिरल्या असतील तर धुतल्यावर अजून फिरणार. पॅन्टच्या पायाचंही तसंच.

बटणं आणि काजं: काजाच्या कडेला दोरे लोंबत नसावेत, टाके इतके दाट हवेत की मधलं कापड दिसू नये. कोटाच्या बटणाखाली दोऱ्याची छोटी मान हवी, नाहीतर जाड कापडात बटण घट्ट रुतून बसतं. मशीनने लावलेली पुष्कळ बटणं एका दोऱ्याच्या साखळीने लावलेली असतात, टोक ओढलं गेलं की सगळं सुटतं, त्यामुळे नवीन शर्ट आणला की मी घालायच्या आधी सगळी बटणं हाताने पक्की करते. अर्ध्या तासाचं काम आहे.

कोटाची गोष्ट वेगळी सांगायला हवी कारण माझा सगळ्यात मोठा पैसा तिथे गेला. मी एका दुकानातून लोकरीचा कोट घेतला, दिसायला अप्रतिम, आणि दुसऱ्या ड्रायक्लीनिंगनंतर छातीवर कापडाला फोड आल्यासारखे फुगवटे आले. दुकानाने हात वर केले. नंतर कळलं की आतला थर शिवलेला नव्हता, गोंदाने चिकटवलेला होता आणि तो सुटला होता. तेव्हा कोट घेताना खालच्या काजाजवळ पुढचं आणि मागचं कापड दोन्ही हातांच्या चिमटीत धरून अलग करून बघा. मध्ये तिसरा सुटा थर बोटांना जाणवला तर आत शिवलेला कॅनव्हास आहे. दोनच थर लागले आणि पुढचा जाड, कडक वाटला तर तो चिकटवलेला. चिकटवलेलं घेऊच नका असं नाही, पण शिवलेल्याच्या भावात घेऊ नका. अस्तराला पाठीमागे मध्यभागी एक सैल घडी आहे का तेही बघा, ती नसेल तर हात पुढे केले की अस्तर उसवतं.

५. 'हाताने बनवलेलं' म्हणजे नेमकं काय ते विचारा

या एका शब्दात सहा-सात वेगवेगळ्या गोष्टी असतात. धागा हाताने कातलाय? कापड हातमागावर विणलंय? छपाई हाताने? भरतकाम हाताने? की कापड गिरणीचं आणि शिवलंय मात्र एका माणसाने, शिलाई मशीनवर? यातलं काहीही असलं तरी चालेल, शेवटचं तर मला मनापासून आवडतं, पण तुम्ही कशाचे पैसे देताय ते तुम्हाला ठाऊक असायला हवं. सरळ विचारा, "यात हाताने काय काय झालंय?" जो खरंच बनवतो तो खुलून सांगायला लागतो.

काही खुणा मात्र स्वतः ओळखता येतात. हाताने ठशाची छपाई केलेल्या कापडात ठसा जिथे जोडला जातो तिथे थोडं पुढेमागे होतं, रंग कुठे दाट कुठे फिका. पण नक्कल करणारे ही 'चूक' पण छापतात, म्हणून एक चूक निवडा आणि पुढे बघत जा, तीच चूक ठरावीक अंतरावर हुबेहूब परत आली तर ते मशीनचं. भरतकाम उलट बाजूने बघा: हाताच्या कामात गाठी असतात, एका पानावरून दुसऱ्या पानावर गेलेले तिरके धागे असतात. मशीनच्या कामात मागे सगळीकडे खालच्या रिळाचा एकच दोरा, बहुतेक पांढरा, आणि सगळं एकसारखं.

क्रोशाचं विशेष सांगते. दोन सुयांचं विणकाम मशीनवर होतं, पण बाजारात येणारं खरं क्रोशा हातानेच केलेलं असतं. म्हणजे क्रोशाचा टॉप अगदी स्वस्तात मिळत असेल तर दोनच शक्यता, एकतर ती मशीनची क्रोशासारखी दिसणारी लेस आहे, नाहीतर कुणाचे तरी कित्येक तास फुकटात गेलेत. मोठ्या माणसाचा हाताने विणलेला स्वेटर म्हटला तर सरावलेल्या हातालाही चाळीस-पन्नास तास सहज जातात, हा हिशोब भाव करायच्या आधी मनात असू द्या. मी कारागिराशी घासाघीस करत नाही. परवडत नसेल तर लहान वस्तू घेते किंवा थांबते.

काही नावांमागे कायदा असतो, तिथे जरा निश्चिंत राहता येतं. उदाहरणार्थ हॅरिस ट्वीड हे जाड लोकरी कापड: ब्रिटनच्या १९९३ च्या कायद्याप्रमाणे ते आउटर हेब्रिडीज बेटांवरच्या रहिवाशांनी स्वतःच्या घरी विणलेलं असलं तरच ते नाव लावता येतं. बाकी 'आर्टिझनल', 'क्राफ्टेड' हे शब्द कुणीही छापू शकतं.

६. करून घेत असाल तर

पहिल्यांदाच कोट किंवा लग्नाचा ड्रेस करून घेऊ नका. साधा शर्ट घ्या, कारण त्यात गळा, खांदा, मुंढा, बाही सगळं येतं आणि चुकलं तरी नुकसान कमी. माझा पहिला शर्ट बिघडला तो "तुम्हाला योग्य वाटेल तसा करा" असं म्हटल्यामुळे. त्यांनी त्यांना योग्य वाटला तसाच केला, छान शिवला होता, फक्त माझा नव्हता. आता मी बसणारा शर्ट सोबत नेते आणि काय तसंच हवं, काय बदलून हवं ते दोन याद्यांत लिहून देते.

कापड आधी धुऊन आटवून घ्या किंवा त्यांनी घेतलंय का ते विचारा, न आटवलेलं सुती सहज ३ ते ५ टक्के आटतं, म्हणजे तीस इंचाच्या उंचीत इंच-दीड इंच गेलाच. कापड महागाचं असेल तर आधी मांजरपाटाचा कच्चा नमुना शिवून अंगावर बघायला सांगा, त्याचे वेगळे पैसे पडले तरी द्या. आणि लेखी ठरवा: किती ट्रायल, कधी मिळणार, आगाऊ किती, बदल फुकट की पैसे देऊन, उरलेलं कापड परत मिळणार का. माणूस कितीही चांगला असला तरी लिहा, लिहिल्याने संबंध बिघडत नाहीत, उलट टिकतात.

७. अंगावर घालून बघताना

उभं राहून बघू नका नुसतं. बसा, दोन्ही हात वर करा, बुटाची लेस बांधल्यासारखं वाका, हात पुढे घेऊन स्वतःला मिठी मारा. सुरकुत्या वाचायला शिका: आडव्या ताणलेल्या रेषा म्हणजे तिथे घट्ट, उभ्या लोंबत्या घड्या म्हणजे सैल, आणि तिरक्या रेषा जिथे रोखलेल्या असतात तिथे खरी अडचण. बटणाभोवती फुलीसारख्या सुरकुत्या आल्या तर छातीला कमी पडतंय.

उंची, बाही, कंबर ही दुरुस्ती सोपी. खांदा आणि मुंढा अवघड आणि खर्चिक, म्हणून खांदा बसत नसेल तर कपडा कितीही आवडला तरी ठेवून द्या. पाठीमागून फोटो काढून घ्या, आरशात पाठ नीट दिसत नाही.

ऑनलाइन घेत असाल तर मागायच्या गोष्टी: आतल्या शिवणीचा फोटो, सपाट ठेवून घेतलेली मापं, कापडाचं जीएसएम, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. शर्टाला साधारण १०० ते १५०, टी-शर्टला १५० ते २००, आणि १२ औंसाचं (हे वजन चौरस यार्डाला) डेनिम म्हणजे ४०० च्या आसपास. आतला फोटो द्यायला टाळाटाळ झाली तर मी पुढे जात नाही.

८. किंमत कशी तोलायची

किंमत भागिले किती वेळा घालणार, हा हिशोब सगळे सांगतात आणि तो बरोबरच आहे, फक्त त्यात एक सापळा आहे की आपण 'किती वेळा'चा आकडा मनाला येईल तसा फुगवतो. त्यासाठी पहिल्या पायरीची वही. तुमचा सगळ्यात लाडका शर्ट दोन महिन्यांत खरोखर किती वेळा घातला गेला ते तिथे आहे, त्याच्या वरचा आकडा नव्या कपड्याला देऊ नका. दुरुस्ती आणि ड्रायक्लीनिंगचा खर्चही मिळवा.

सेलमध्ये मी एकच प्रश्न विचारते, हा पूर्ण किमतीला असता तर मी निदान हातात घेऊन उलटा केला असता का. आणि शिकायचं असेल तर जुन्या कपड्यांच्या दुकानासारखी शाळा नाही. तिथला कपडा आधीच पन्नास वेळा धुतला गेलाय, जे टिकायचं ते टिकलंय आणि जे बिघडायचं ते उघड दिसतंय. काही न घेता तासभर नुसते कपडे उलटे करत बसा. दोन-तीन वेळा असं केलंत की बोटांना कळायला लागतं.

९. घरी आणल्यावर

टॅगवरच्या खुणा पाचच आहेत: टब म्हणजे धुणं, त्रिकोण म्हणजे ब्लीच, चौकोन म्हणजे वाळवणं, इस्त्री म्हणजे इस्त्री, गोल म्हणजे ड्रायक्लीनिंगसारखी व्यावसायिक धुलाई. फुली मारलेली असेल तर करायचं नाही. टबातला आकडा हा जास्तीत जास्त तापमानाचा, त्याहून थंड पाण्यात धुतलं तर काही बिघडत नाही.

गडद रंगाचा कपडा पहिल्यांदा वेगळाच धुवा, त्याआधी आतल्या मायेवर ओला पांढरा रुमाल दाबून रंग सुटतो का बघा. लोकरीचे विणलेले कपडे टांगू नका, खांदे लोंबतात, घडी घालून ठेवा. लोकर आणि रेशीम खाते ती उडणारी कसर (छोटा पतंग) नव्हे, तर तिची अळी, आणि त्या अळीला घामाचे, अन्नाचे डाग लागलेलं जास्त आवडतं, म्हणून मोसम संपला की धुऊन, पूर्ण वाळवूनच बंद करा. भोक लहान असतानाच रफू करा.

उरलेली बटणं, दोरा, कापडाचा तुकडा, बिल आणि मापांचा कागद एका पाकिटात घालून पाकिटावर कपड्याचं नाव आणि तारीख लिहा. मी अशी पाकिटं बुटांच्या जुन्या खोक्यात उभी लावून ठेवते, आणि कोपर विरला की तोच तुकडा आतून लावता येतो.